उतारावरचा हौद

“घराकडून बारा, उताराकडून आठ,” फूटपट्टीने शिडीवरूनच सांगितलं. “काल अकरा आणि नऊ होते.”

“काय अकरा आणि काय नऊ?” भोंग्याने विचारलं. त्याला हळू बोलणं जमत नसे, म्हणून तर त्याचं नाव भोंगा पडलं होतं.

“काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, सेंटीमीटरमध्ये. अरे, पाणी कधी तिरकं राहतं का? मग दोन्हीकडे सारखंच यायला हवं. येत नाही, म्हणजे हौद तिरका झालाय. आणि रोज जास्त होतोय.”

भोंग्याची आठ वर्षांची बहीण, छोटी, खाली शिडी धरून उभी होती. तिने एकदा हौदाकडे पाहिलं आणि शिडी न सोडता एक पाऊल मागे सरकली.

तिघं सुट्टीला मामाकडे आली होती, आणि आल्यापासून फूटपट्टी, आपल्या टोपणनावाला जागून, दिसेल ते मोजत सुटली होती. पहिल्या दिवशी दारं, दुसऱ्या दिवशी मामीच्या कुंड्या. हौदाकडे ती गंमत म्हणूनच वळली होती. पत्र्याच्या गोल भिंतीचा, आत निळं अस्तर असलेला, जमिनीवर ठेवलेला तो पोहण्याचा हौद मामाचा फार लाडका. तो त्याला ऐटीत ‘पूल’ म्हणे, आणि मामी दरवेळी विचारे, “यावरून पलीकडे कुठे जाता येतं?” पण परसात नुसती एक भली मोठी बादली ठेवल्यासारखं दिसतं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते मामाच्या मनाला लागलं. म्हणून त्याने बागकामाचा ठेकेदार बोलावला.

ठेकेदाराने आठवडाभरात परसाचा कायापालट केला. हौदाभोवती पांढरे गोटे पसरले, झुडपं लावली. हौदापलीकडचा उतार उभा कापून खाली दगडी फरशीचा सपाट चौक केला आणि कापलेल्या मातीला गुडघाभर उंचीची दगडी भिंत लावली. आज संध्याकाळी पाच वाजता मामाच्या कचेरीतली माणसं चहाला येणार होती. त्यांच्यासाठी त्या चौकात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. खुर्चीत बसलं की मान वर केल्यावर हौदाचा काठ डोक्यावर यायचा.

“त्यात पाणी किती असेल गं?” भोंग्याने विचारलं.

“वीस हजार लिटर. वीस टन. चार हत्ती समज.”

चार हत्ती डोक्यावर घेऊन बसलेली माणसं फूटपट्टीच्या डोळ्यांसमोर आली.

“इकडे या,” छोटी म्हणाली. तिची चप्पल गोट्यांत रुतली होती. तिने ती उपसली, तर खालून पोत्याचा तुकडा वर आला. भोंग्याने तो ओढला. तो संपेचना, कारण तो जमिनीतल्या भेगेत कोंबलेला होता. भेग घर आणि हौद यांच्यामधून, हौदाच्या गोलाईने गेली होती. फूटपट्टीने तिच्यात हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. आतली माती थंडगार आणि ओली होती. तिघंही भेगेवर वाकली. तेव्हा त्यांना झुडपांच्या मुळाशी सोडलेल्या नळीतून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. ती नळी आठवडाभर रात्रंदिवस चालू होती.

“पोतं आपोआप तर आत गेलं नसणार,” भोंगा म्हणाला. या खेपेला तो चक्क हळू बोलला.

“काय शोधताय, छोटे सरकार?”

ठेकेदार मागे उभा होता. तो कधीच आवाज चढवत नसे. त्याने भोंग्याच्या हातातलं पोतं घेतलं, पुन्हा भेगेत सारलं आणि बुटाने वर गोटे ओढले. “नवी माती थोडी बसतेच. कामाच्या जागी मुलांनी फिरू नये. एखादा दगड पायावर पडला तर?” तो हसला, पण त्याचे डोळे खालच्या भिंतीवर खिळलेले होते.

मामाला सांगून काही उपयोग झाला नाही. “अगं, त्याचं आयुष्य मातीत गेलंय,” तो कपबशा पुसता पुसता म्हणाला. “तुझी पट्टी हलली असेल.”

मामाला आकड्यांनी पटत नव्हतं. मग कशाने पटेल? ठेकेदार भिंतीकडे ज्या नजरेने बघत होता, ती तिच्या डोक्यातून जात नव्हती.

“त्याला माहीत आहे,” ती भोंग्याला म्हणाली. “आणि तो आज एकदाही खाली चौकात उतरलेला नाही. खुर्च्यासुद्धा आपल्यालाच मांडायला लावल्या. मामाचा कॅमेरा आण.”

बाराच्या सुमारास ठेकेदार निघायच्या बेतात असताना ती मामाला हाताला धरून बाहेर घेऊन आली. “मामा, एवढी सुंदर बाग केली काकांनी. पाहुण्यांना दाखवायला त्यांचा फोटो हवाच. काका, खाली त्या मधल्या खुर्चीत बसा ना.”

“फोटो कशाला,” ठेकेदार म्हणाला.

“वा, झकास कल्पना आहे,” मामा खुलला. “बसा हो.”

“इथूनच काढा, साहेब. माझे बूट चिखलाचे आहेत.”

“फरशी आम्ही पुसू,” छोटी म्हणाली.

“उन्हाचा त्रास होतो मला.”

“मग मामाची टोपी घाला,” फूटपट्टी म्हणाली. “पाचच मिनिटं, काका. माझा मामा तिथे दोन तास बसणार आहे.”

ठेकेदाराने एक पाऊल पुढे टाकलं. भिंतीच्या दोन दगडांमधून गढूळ पाण्याची बारीक धार वाहत होती. ती पाहिली आणि त्याने पाऊल मागे घेतलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

मामाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तो गोट्यांपाशी गेला, वाकला आणि त्याने ते पोतं बाहेर ओढलं. भेगेत हात घालून पाहिल्यावर तो ठेकेदाराकडे वळला.

“कधीपासून आहे हे?”

“चार दिवस,” ठेकेदार पुटपुटला. “वाटलं होतं, थांबेल.”

मग एकच धावपळ उडाली. मामीने फोन करून पाहुण्यांना थांबवलं. उताराखाली, कुंपणापलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्यांना तिने स्वतः जाऊन बाहेर काढलं. भोंग्याने झुडपांचा नळ बंद केला. घरातल्या तिन्ही रबरी नळ्या पाण्याने भरून, एक टोक हौदात आणि दुसरं कुंपणाकडच्या सिमेंटच्या गटारात सोडलं. पाणी वाहू लागलं, पण हौद सावकाश, फार सावकाश उतरत होता. सगळे घराच्या पायऱ्यांवर बसून बघत होते. मधूनच पत्रा कण्हल्यासारखा वाजे.

साडेचारला हौद जेमतेम अर्धा झाला होता. मामा उठला. “निदान खुर्च्या तरी वर आणतो.”

“नको, मामा.” फूटपट्टीने त्याचा सदरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो सोडवू लागला, तरी तिने सोडला नाही.

आधी भिंतीचा एक दगड निखळून घरंगळला. मग झुडपं उभीच्या उभी खाली गेली, आणि त्यांच्यामागून हौद कलंडला. पत्रा फाटल्याचा आवाज झाला. पाणी, माती, गोटे सगळं एकदम चौकावर कोसळलं आणि कुंपण मोडून खालच्या परसात शिरलं. पायऱ्यांखालची जमीन थरथरली. मग सगळं शांत झालं. चिखलातून बुडबुडे तेवढे येत होते.

छोटी मामीला बिलगली होती. ठेकेदार डोकं धरून जमिनीवर बसला होता. मामा हळूहळू कडेपर्यंत गेला आणि खाली बघू लागला. चौक कुठे होता तेही कळत नव्हतं. एका खुर्चीचा वाकलेला पाय तेवढा वर दिसत होता.

“बारा माणसं येणार होती,” तो म्हणाला. “माझ्याच घरी.”

परत येऊन तो तिन्ही मुलांसमोर पायरीवर बसला.

“तू मला सकाळीच सांगितलं होतंस,” तो फूटपट्टीला म्हणाला. “मी कपबशा पुसत बसलो. उद्या त्या बाराही जणांना मी बोलावणार आहे, आणि त्यांचे प्राण कुणी वाचवले ते तुम्हा तिघांना समोर उभं करून सांगणार आहे. मी कुणाचं ऐकलं नाही, तेही सांगेन.”

“खरं तर आम्ही आधी मामीलाच सांगायला हवं होतं,” फूटपट्टी म्हणाली.

मामी रडता रडता हसली आणि तिने तिघांना एकदमच कवेत घेतलं.