लिसनचं बटण

मास्तर, तुमचं काम दहा मिनिटांचं आहे. तुम्ही धडा वाचायचा, मागे संगीत चालू राहायचं. तुम्ही बोलायला लागलात की संगीताने आपोआप खाली बसायचं, तुम्ही थांबलात की पुन्हा वर यायचं. याला डकिंग म्हणतात. कोणालाही जमतं. मी अजूनही शिकवते, फक्त स्वतःच्या हाताने आता कोणाला करून देत नाही. का नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मध्ये मात्र बोलू नका.

आधी यंत्र समजून घ्या. कॉम्प्रेसर म्हणजे आवाजाच्या डोक्यावर ठेवलेला हात. आवाज चढला की तो हात दाबतो. एरवी ज्याच्या डोक्यावर हात, त्याच्याच आवाजावरून ठरतं कधी दाबायचं ते. साइडचेन म्हणून एक जोडणी असते, तिच्यात हात एकाच्या डोक्यावर आणि हुकूम दुसऱ्याचा. खाली बसतं संगीत, पण कधी बसायचं ते ठरवतो तुमचा शब्द. शब्द किती मोठा आला की दाबायचं, किती पटकन दाबायचं आणि शब्द संपल्यावर किती वेळाने सोडायचं, एवढ्या तीन गोष्टी तुम्ही नेमून द्यायच्या. पडद्यावर एक सुई असते, संगीत जितकं दाबलं जाईल तितकी ती खाली झुकते. बाकी काही शास्त्र नाही त्यात.

आमच्या घरी हे सगळं यंत्राशिवाय चालायचं. माझे वडील, अप्पा, गोष्टी वाचायचे. सभागृहं भरायची. आई शेजारी बसून व्हायोलिन वाजवायची आणि अप्पांनी तोंड उघडलं की तिचा गज हलका व्हायचा. मंचावर ते ठीकच होतं. पण घरी? जेवताना आई म्हणायची, "आज मी दुकानात गेले होते ना, तिथे…" आणि अप्पा घसा खाकरायचे. झालं, आई गप्प. अप्पांचं बोलून झालं तरी ती ते वाक्य पुन्हा उचलायची नाही. मी विचारायचे, "आई, तिथे काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही गं." त्या 'काही नाही गं' मध्ये बाईचं आयुष्य गेलं. मला त्या माणसाचा राग येतो, मास्तर. लपवत नाही मी.

गेल्या वर्षी आईला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी खाटेवर वाकून विचारलं, "कुठे दुखतंय?" आईने तोंड उघडलं आणि उत्तर अप्पांनी दिलं. "पोटात. पित्त आहे तिला, जुनंच दुखणं आहे." आईचा हात छातीवर होता. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "तिला बोलू द्या ना!" मग अप्पा ओरडले. खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही बापलेक असे भांडलो की नर्सने दोघांना बाहेर काढलं. दारातून वळून पाहिलं तेव्हा आईचे ओठ हलत होते, आणि डॉक्टरीणबाई केव्हाच पुढच्या खाटेपाशी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आई गेली. शेवटी ती काय सांगत होती, ते कोणी ऐकलं नाही. मला तेवढंच हवं होतं. अजूनही तेवढंच हवंय.

त्यानंतर आठ महिन्यांनी, भर दुपारी, अप्पा माझ्या कामाच्या खोलीत आले. आई असतानाचं शेवटचं रेकॉर्डिंग घेऊन आले होते, त्याची सीडी काढायची होती. एका ट्रॅकवर त्यांचा आवाज, दुसऱ्यावर आईचं व्हायोलिन. ती मागची खोली तुम्ही पाहिली आहे. खिडकी नाही, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, दार लावलं की बाहेरचं जग बंद. आत आपलं आपल्याला रक्त वाहताना ऐकू येतं.

"माझा शब्द बुडता कामा नये," अप्पा मागच्या सोफ्यावर बसत म्हणाले. "वाद्य खाली घे. लोक माझ्यासाठी ऐकतात."

"मुखपृष्ठावर आईचं नाव आहे ना?"

"आतल्या पानावर असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हटलं, करून मोकळं व्हावं. आईच्या व्हायोलिनवर कॉम्प्रेसर बसवला, हुकूम अप्पांच्या आवाजाच्या हाती दिला आणि चालू केलं. अप्पांचा पहिला शब्द आला, सुई झुकली, व्हायोलिन खाली गेलं. वाक्य संपलं, व्हायोलिन वर आलं. अप्पा मान डोलवत होते. माझ्या हाताने मी आईला पुन्हा एकदा खाली दाबत होते आणि त्या माणसाला ते आवडत होतं.

तिसऱ्या पानावर अप्पा मोठा विराम घेतात. गोष्टीतला माणूस दार उघडतो आणि वाचणारा थांबतो. तिथे व्हायोलिन एकटं वाजायला हवं होतं. ते वर यायला लागलं आणि मध्येच दबलं. सुई खाली गेलेली होती. बोलत कोणीच नव्हतं.

"चुकतेस तू," अप्पा म्हणाले.

"नाही चुकत."

मागे घेतलं, पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. अप्पांचा ट्रॅक एकटा लावून ऐकला. त्या विरामात श्वास नाही, पान उलटल्याची सळसळ नाही, अगदी कोरी शांतता. पुढचा विराम पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. जिथे जिथे अप्पा थांबत होते तिथे तिथे सुई खाली जात होती, थरथरत होती, माणूस बोलत असल्यावर थरथरते तशी. खोलीत गजाला लावायच्या राळेचा वास यायला लागला होता. आईचं व्हायोलिन तर आम्ही तिच्या माघारी देऊन टाकलं होतं.

आता नीट ऐका. कॉम्प्रेसरवर एक बटण असतं, लिसनचं. कॉम्प्रेसर ज्याच्या हुकमाने दाबतो, तो आवाज त्या बटणाने आपल्याला ऐकू येतो. नवखे लोक त्याला हातच लावत नाहीत. मी ते दाबलं.

आधी अप्पांचा आवाज आला. मग विराम. आणि विरामात, अगदी खालून, गडबडीने बोललेलं…

"…आज मी दुकानात गेले होते ना, तिथे…"

अप्पांचं पुढचं वाक्य सुरू झालं आणि ती थांबली.

पुढचा विराम. "…मला वाटतं आपण त्या वर्षी…" अप्पांचं वाक्य. पुढचा विराम. "…तुम्ही जरा ऐकलं असतं तर…" पुन्हा अप्पांचं वाक्य. मास्तर, मी ती वाक्यं ओळखत होते. चाळीस वर्षांची जेवणं होती ती. अर्धवट टाकलेलं एकेक वाक्य ती जिथे जागा मिळेल तिथे भराभरा बोलून घेत होती. मागे वळून पाहिलं तर अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे… हे कुठून आलं?" ते म्हणाले. त्यांनी घसा खाकरला.

आणि ती थांबली. रेकॉर्डिंगमधल्या शब्दाला नाही, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या खाकरण्याला थांबली. त्यांच्यापुढे माइक नव्हता. खोलीतला एकही माइक चालू नव्हता.

"तोंड बंद ठेवा," मी दात आवळून म्हटलं. "आयुष्यात एकदा तरी बंद ठेवा."

अप्पांनी तोंडावर हात दाबून धरला. मी त्यांचा ट्रॅक खाली ओढला, व्हायोलिन बंद केलं. लिसनचं बटण तेवढं चालू ठेवलं. बराच वेळ नुसती शांतता होती. मग आवाज आला, जरा जवळून. एका श्वासात दोन शब्द, मध्ये धाप.

"…डॉक्टरीणबाई… पोटात नाही हो… इथे दुखतंय… आणि मला माझ्या मुलीला सांगायचंय की…"

माझा तोल गेला. आठ महिन्यांचा राग उसळून वर आला. मी गर्रकन वळले आणि त्या म्हाताऱ्यावर ओरडले, "ऐकलंत? पोटात नाही! ऐकलंत ना आता?"

एवढंच ओरडले मी, तीन वाक्यं. शुद्धीवर येऊन पुन्हा स्पीकरला कान लावला तेव्हा आत काहीच नव्हतं. मागे घेतलं. कोरं होतं. पहिल्यापासून वाजवलं तर अप्पा वाचत होते, व्हायोलिन वाजत होतं, आणि विरामात ते छान वर येत होतं. सगळं जसं असायला हवं तसं. मी जमिनीवर बसून रडले. रागानेच रडले. दवाखान्यातही मीच ओरडत होते, मास्तर. अप्पांनी तिला एकदाच तोडलं होतं, भांडण मी काढलं. आईचे ओठ हलत होते तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

दुसऱ्या दिवशी अप्पा सकाळीच आले. चहा नको म्हणाले, म्हणजे हाताने नको केलं. खोलीत जाऊन खुर्चीवर बसले आणि हेडफोन लावले. दाराला छोटी काच आहे, तिच्यातून मी पाहत होते. त्यांनी काही सुरूच केलं नव्हतं, तरी सुई हलत होती. अप्पा मान खाली घालून ऐकत होते. मी दार उघडलं तशी सुई जागच्या जागी थांबली. अप्पांनी हात जोडून मला बाहेर जायला सांगितलं. माझ्या बापाने कधी कोणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

रोज येऊ लागले. सकाळी येतात, दिवेलागणीला जातात. मीही काही कमी नाही. तिसऱ्या दिवशी ते यायच्या आधी माइक चालू करून एका रिकाम्या चॅनलवर खोलीतला आवाज टिपायला लावून ठेवला. ते गेल्यावर पडद्यावर पाहिलं तर आवाजाची नक्षी उमटली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोलणारा माणूस कुठे ना कुठे श्वास घेतो, नक्षीत तेवढी जागा सुटते. इथे एकही जागा सुटलेली नव्हती. मी वाजवून पाहिलं. मला फक्त अप्पांचा श्वास ऐकू आला.

"काय बोलते ती?" मी त्यांना दारातच अडवलं. "शेवटचं काय सांगत होती? मला सांगायचं होतं तिला, मला!"

अप्पांनी तोंड उघडलं. आवाज निघाला, आणि पहिल्याच शब्दाला खाली गेला. ओठ हलत राहिले. तो सभागृहं भरणारा आवाज कोणीतरी बोटाने खाली सरकवावा तसा सरकला, आणि मी अप्पांचं तोंड बघत उभी राहिले. घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. घसा ठणठणीत आहे म्हणाले.

काल मी खोलीत जाऊन त्यांच्यापुढे कागद आणि पेन आपटलं. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अजून तिचं बोलून झालेलं नाही.'

मी कागद फाडला. म्हटलं, तुमच्याशी इतकं बोलते आणि माझ्याशी एक शब्द नाही? मी भांडले तिच्यासाठी, आणि ऐकायचं भाग्य तुमचं? अप्पांनी दुसरा कागद घेतला. या वेळी लिहायला त्यांना फार वेळ लागला. मध्ये दोनदा त्यांनी हेडफोनवर हात दाबून पुन्हा विचारल्यासारखं केलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

'तुझी पाळी माझ्यानंतर, म्हणते.'

मी सरळ यंत्राची वायर उपटली. अप्पांना हाताला धरून घरी सोडलं आणि खोलीला कुलूप लावलं. आज सकाळी पुन्हा उघडून पाहिलं. वायर उपटलेलीच होती आणि पडदा चालू होता. ती नक्षी रात्रभर लांबत गेलेली दिसत होती. तिच्या खाली अप्पांचा ट्रॅक होता, आणि त्याच्याही खाली एक नवा चॅनल उघडलेला होता. त्यावर नाव घातलेलं होतं. आई मला लाडाने हाक मारायची ते, घराबाहेर कोणाला माहीत नसलेलं. कॉम्प्रेसर आधीच बसवलेला होता. सुई अजून वर होती, मी बघत असताना ती हळूहळू उतरायला लागली.

उतरू दे. मीही तिचीच मुलगी आहे. तिचं ऐकायला मी जन्मभर बसेन, पण मला असं दाबून गप्प करायचं म्हटलं तर मी गप्प बसणार नाही, ती आई असली तरी. मी बोलणार, ओरडून बोलणार, आणि…

काय झालं, मास्तर? असे पुढे का झुकलात? कानाशी हात का धरलात?

मी ओरडतेय ना…