हवा तेवढा वेळ घ्या

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा चष्म्याची एक काडी त्याच्या कानावर होती, दुसरी हातात, आणि काचांचे तुकडे शर्टाच्या खिशात.

"काय झालं?" मी विचारलं.

"एका गृहस्थांनी तोंडावर फाइल फेकली."

"का?"

"मी त्यांना विचारलं, गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा हताश वाटलं."

मला त्या गृहस्थांबद्दल एकदम आदर वाटला.

दुकान मामाचं. गल्ल्यावर तो बसतो. नंबर काढणं, फ्रेम बसवणं, डोळ्यांची मापं घेणं हे सगळं माझ्याकडे. रस्त्यापलीकडे इस्पितळ आहे, आणि हा माणूस तिथल्या दुसऱ्या मजल्यावरून आला होता. ज्यांना मूल होत नाही त्यांचा तो मजला. तिथल्या खुर्च्यांचा रंगसुद्धा मला पाठ होता, पण हे त्याला सांगायचं मला काही कारण नव्हतं.

"बसा. इकडे बघा. माझ्या डाव्या डोळ्यात."

"डाव्याच?"

"दोन डोळ्यांमधलं अंतर मोजतेय. मी सांगेन तिकडेच बघायचं."

मी उजवा डोळा मिटला, पट्टी त्याच्या नाकावर टेकवली. हे मी दिवसातून कितीदा करते. लोक हसतात, लाजतात, छताकडे बघतात. हा बघतच राहिला… घारे डोळे, खालच्या पापणीशी एक बारीकसा तीळ.

"पापणी मिटली तरी चालते," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि मिटली नाही.

मला राग आला. मला लगेच येतो. मी पट्टी बाजूला ठेवली आणि मामाला माप जरा जोरातच सांगितलं.

काचा तयार व्हायला वेळ होता. तो बाकावर बसला आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून नाकाला लावून वाचायला लागला. बघवेना. "द्या इकडे," मी म्हटलं. "काय वाचायचंय?"

"प्रश्नावली. नवीन छापून आलीय, चुका तपासायच्यात. या लोकांचं रोजचं जगणं कसं चाललंय ते आम्ही मोजतो. झोप, घरची माणसं, काम, मन… शेवटी शंभरपैकी आकडा येतो."

"जगण्याला मार्क?"

"तसंच म्हणा."

मी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर तर प्रश्न विचारणाऱ्यासाठीच सूचना होत्या. आवाज हळू ठेवावा. मान किंचित कलती असावी. समोरची व्यक्ती भावुक झाल्यास 'हवा तेवढा वेळ घ्या' असं म्हणावं. रुमाल हाताशी असावेत. मग प्रश्न. या अडचणीमुळे तुम्ही नातेवाइकांच्या समारंभांना जाणं टाळता का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी.

"आणि जिला नातेवाईकच टाळतात तिने कुठे खूण करायची?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे बारशाचं आमंत्रण सगळ्यांना येतं, तिला येत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं म्हणतात. ती कुठे काय टाळणार? तिला घरीच ठेवलंय. तुमच्या कागदावर मात्र ती 'कधीच नाही' अशी खूण करणार आणि तुम्ही तिला वर चार मार्क देणार."

त्याने कागद ओढून घेतला. मग पेन काढून, काही दिसत नसताना, समासात वेडंवाकडं लिहायला लागला. "हे मला आजवर कोणी सांगितलं नाही."

"कोणी विचारलं नसेल."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"चष्मा तयार झालाय," मी म्हटलं.

त्यानंतर तो येतच राहिला. कधी काडी सैल, कधी नाकावर टोचतंय, कधी डावीकडे झुकलाय. मी बसवलेली फ्रेम झुकत नाही. मामा एकदा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "या माणसाचं नाक दर आठवड्याला बदलतं बहुतेक." मी मामाकडे रागाने बघितलं. तो लाल झाला. मामा नव्हे, नाकवाला. तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव नाकवालाच पडलं.

आम्ही भांडायचो, पण ते भांडण कागदावरचं. मी म्हणायची, दुःखाला पट्टी लावणारे तुम्ही कोण? तो म्हणायचा, "आकडा दाखवला नाही तर वरचे लोक म्हणतात, बायका रडतातच. आकडा दाखवला की रडायला दार असलेली एक खोली तरी मिळते. यंदा ती मिळाली, माझ्या आकड्यांमुळे." त्या दिवशी त्याच्या कानामागे काडी बसवताना मी जरा जास्तच वेळ लावला. कान गरम होता.

मग एकदा तो भाचीचा चष्मा घेऊन आला. इवलासा, गुलाबी, मधोमध तुटलेला. "सायकलवरून पडली. चष्मा मोडला म्हणून रडली, गुडघा फुटला त्याचं काही नाही." हे सांगताना त्याचा सगळा चेहरा उजळला होता. मी तो चष्मा हातात घेतला. या माणसाला मुलं आवडतात. नुसती आवडत नाहीत, हवी आहेत. आता काय करणार, बाई? मी स्वतःलाच विचारलं.

चष्मा परत न्यायला आला तेव्हा तो म्हणाला, "दुकानाबाहेर भेटाल का कधी? माझं नाक घरी ठेवून येईन."

मी हो म्हटलं. आणि ठरवलं की कॉफीच्या पहिल्या घोटाआधी सांगून टाकायचं. आधीच्या घरात सगळं सगळ्यांच्या पाठीमागे ठरायचं. मला ते पुन्हा नको होतं. मला हा माणूस हवा होता, आणि तो खरं ऐकून राहतो की जातो हे मला त्याच्या तोंडावर बघायचं होतं.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीपाशी बसलो. त्याने शर्टाला इस्त्री केली होती, फक्त पुढून. कॉफी आली. मी कप हातात घेतला नाही.

"मला मूल होणार नाही," मी म्हटलं. "लग्न झालं होतं. बरीच वर्षं उपचार केले, त्याच तुमच्या मजल्यावर. मूल झालं नाही आणि लग्नही मोडलं. आता बोला."

त्याची मान कलली. किंचितच. आवाज खाली आला. टेबलावरचे कागदी रुमाल त्याने हळूच माझ्याकडे सरकवले.

"हे सांगणं तुमच्यासाठी सोपं नसणार," तो म्हणाला. "हवा तेवढा वेळ घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे तुमच्या पहिल्या पानावर आहे," मी म्हटलं. "मीच तुम्हाला वाचून दाखवलंय."

तो पांढराफटक पडला. "नाही, माझा तसा…"

"मी तुमच्या रांगेतली बाई नाही. माझ्यापुढे हा आवाज काढायचा नाही. या आवाजाने माझं काय झालं माहितीये? लग्न झाल्यावर सासूबाई मला भाजीतल्या मिठावरून बोलायच्या आणि मीही बोलायची, घर दणाणायचं. मग रिपोर्ट आला. त्या दिवसापासून मीठ कमी झालं काय, जास्त झालं काय, कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे हळू बोलायला लागले. जाऊ माझ्या मांडीवरून तिचं बाळ उचलायची तेसुद्धा हळूच, हसून. नवरा हळू आवाजात म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी वेगळं होऊ. कोणी एकदा तरी ओरडलं असतं तर मी उलट ओरडले असते. पण हळू बोलणाऱ्याशी भांडणार कसं? आणि आता तुम्ही."

सगळी टेबलं आमच्याकडे बघत होती. बघू देत. मी उठले आणि निघून आले. रस्त्यावर आल्यावरही मी मागे बघितलं नाही.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मामा म्हणाला, "नाक बरं झालं वाटतं." मी म्हटलं, "मामा, तुला दुसरं काही सुचत नाही का?" आणि आत जाऊन काचा पुसत बसले, पुसलेल्याच. गेला तो. सगळे जातात तसा गेला. मला स्वतःचाच संताप येत होता, कारण दाराची घंटा वाजली की मान वर व्हायची.

आठवडा उलटून गेल्यावर एका दुपारी तो आला. दुकानात गर्दी होती. मी एका आजोबांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावला होता. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू चुकलीस," तो म्हणाला. मोठ्याने.

मी बघतच राहिले. "मी?"

"हो, तू. मला विचारलंस आणि उत्तर द्यायच्या आत उठून गेलीस. मी दोन कप कॉफी पुढ्यात घेऊन मूर्खासारखा बसलो. मी घाबरलो होतो. घाबरलो की माझ्या तोंडून कामातलंच निघतं, इतकी वर्षं दुसरं काही बोललोय कुठे मी? ते चुकलंच माझं. पण म्हणून तू मला एका वाक्यावरून त्या सगळ्यांच्या रांगेत बसवलंस."

"मग आठवडाभर कुठे होतास?"

"घरी. भिंतीकडे बघत. मला वाईट वाटत होतं, कळलं? तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला मूल हवं होतं. मुलगीच हवी होती, भाचीसारखी भांडखोर. ते जाणार म्हणून मी रडलो. मग तुझा राग यायला लागला आणि तो काही केल्या जाईना."

आजोबा तक्ता सोडून आमच्याकडे बघत होते. "याचं बरोबर आहे," ते म्हणाले.

"आजोबा, खालची ओळ वाचा," मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता. मग त्याच्याकडे वळले. "आणि दहा वर्षांनी पुन्हा हवंसं वाटलं तर? भाचीचं लग्न होईल, तिला मूल होईल, तेव्हा?"

"तर वाटेल. वाटणार नाही असं मी तुला लिहून देणार नाही. तेव्हाही रडेन कदाचित. पण रडेन ते तुझ्याच घरात बसून, आणि तू मला वाट्टेल ते बोल."

माझे डोळे भरून आले, रागानेच. किती वर्षांत कोणी मला तोंडावर म्हटलं नव्हतं की तू चुकलीस. मला सांभाळून घेतलं होतं, समजून घेतलं होतं, बाजूला ठेवलं होतं. चुकायचा मान कोणी दिला नव्हता.

"मामा, आजोबांचा नंबर तू बघ," मी म्हटलं.

"आणि तू कुठे?"

"भांडायला."

आम्ही रस्ताभर भांडलो. मी म्हटलं, आठवडा म्हणजे फार झाला, एक फोन करता येत नव्हता? तो म्हणाला, तू उचलला असतास? मी म्हटलं, नसता उचलला, पण करायला काय झालं होतं? भाजीवाली गाडी थांबवून ऐकत होती. सिग्नलपाशी थांबावं लागलं तेव्हा तो धापा टाकत म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे. आणि आत्ता या क्षणी तू मला अजिबात आवडत नाहीयेस."

"मलाही तू आवडत नाहीयेस," मी म्हटलं आणि त्याचा हात घट्ट धरला. सिग्नल सुटला, आणि आम्ही भांडत भांडतच पलीकडे गेलो.