वस्तादाचा राखीव डाव

माणसाला एक मूत्रपिंड पुरतं, हे विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. ते कायद्याला कळलं, तेव्हा अठरा पूर्ण होताच दुसरं देऊन टाकायची रीत पडली. 'वाढरस' टोचला, की उरलेलं मूत्रपिंड महिन्याभरात वाढून दोन्हींचं काम एकटं ओढी. माणसं ठणठणीत जगत. मनगटावरची पट्टी पाण्याची वेळ झाली की वाजे. फक्त कमरेवर आघात होऊ द्यायचा नाही, म्हणून एक दिलेल्यांना कुस्ती खेळायला बंदी.

परदेशात हा कायदा नव्हता. कोल्हापूरच्या रावजी वस्तादांच्या मुलीची, मयुराची, तिकडच्या जागतिक कुस्ती स्पर्धेसाठी निवड झाली होती. आणि सोमवारी तिला अठरा पूर्ण होत होती.

"सूट कुणालाच नाही, वस्ताद," डॉक्टर दाभोळेबाई म्हणाल्या. "घरातल्या कुणी बदली दिलेलं चालतं. पण तुमचं एकच उरलंय. ते दिलंत तर तुम्ही रुग्ण व्हाल, आणि रुग्णासाठी—"

"यंत्रावर काढीन की दिवस! फुडचं नगा सांगू. घ्या काढून."

वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक मात्र स्वतःपाशी राखून ठेवतो. रावजींना वाटलं, आपला तो हाच. त्यांनी मयुराला पत्ता लागू दिला नाही. एरवी हट्टाला पेटलेल्या माणसाचं कौतुक करावं, पण इथे हट्टापायी ऐकायचंच राहून गेलं.

आठव्या दिवशी नोटीस आली, तीही मयुराच्या नावाने. रावजी यंत्राच्या नळ्यांसकट उठायला लागले.

"तेच सांगत होते मी," दाभोळेबाई म्हणाल्या. "ज्याच्याकडे एकही नाही, त्याला दोन असलेल्याकडून मिळतं. तुमच्याशी सगळ्यात जास्त तीच जुळते."

"मग मला नगं!"

"नको म्हणायची सोय असती, तर अठराव्या वर्षी सगळ्यांनीच म्हटलं नसतं का?"

मयुरा दारात उभी होती. "मला इचारलं का न्हाई, आबा? माझं मीच दिलं असतं. तुमच्यावर दोनदा सुरी तरी फिरली नसती."

स्पर्धा झाली, तेव्हा बापलेक घरीच होते. दोघांची प्रकृती उत्तम होती. रावजींचं जुनं मूत्रपिंड कुणाला गेलं, ते त्यांना कधीच कळलं नाही.

पट्टी वाजली. मयुराने तांब्या पुढे केला.

"प्या आबा. माझं हाय ते, जपा."

रावजींनी तांब्या तोंडाला लावला. निम्मं पाणी पिऊन त्यांनी तो तिच्यापुढे धरला.