व्हर्लीन आली नाही

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगलेली आहे. माझा नवरा डॉइल गुहेत निघाला की तिच्यावर खडूनं नाव आणि परतायची वेळ लिहायचा. वेळ टळली की मी मदतीला माणसं बोलवायची, हा इकडच्या टेनेसीतल्या गुहावाल्यांचा नियम. परतल्यावर मात्र बूटही न काढता चिखलाच्या अंगठ्यानं नाव पुसायचा आणि मी ओरडायची, "अरे, फडकं काय मेलंय?" सत्तावीस वर्षं हेच चाललं.

"एकदा तरी चल गं म्हातारे," तो म्हणायचा. "मी तुझ्या मागेच राहीन." मी कधी गेले नाही. जानेवारीत तो गेला, घरीच, खुर्चीत बसल्या बसल्या.

गुहेच्या आतल्या दालनात येणाऱ्यांनी नोंद करायची एक वही असते, तिच्यात डॉइलचं शेवटचं अक्षर आहे, असं त्याची जुनी सोबतीण नेडीन म्हणाली. हिवाळाभर आत वटवाघळं झोपतात म्हणून येत्या रविवारपासून वसंतापर्यंत गुहेचं फाटक बंद. माझं वय एकसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. वसंताचा भरवसा कुणी द्यावा? शनिवारी सकाळी पाटीवर लिहिलं: व्हर्लीन, चार वाजता. शेजारच्या रूबीला फोनही केला, कारण पाटी वाचायला घरात आता कुणी नाही.

नेडीन पुढे, मी मधे. मागे वेंडेल, गुहावाल्यांच्या क्लबात नवाच आलेला, डॉइलला कधी न भेटलेला.

"प्रत्येक वळणावर मागचा दिवा दिसेपर्यंत थांबायचं," नेडीननं बजावलं. "दिसला की 'आहे' म्हण. दिवा नाही, तर पाऊल नाही."

पहिल्याच बोगद्यात पोटावर सरपटावं लागलं. हेल्मेट खटाखट आपटत होतं, बाह्यांत गार चिखल शिरत होता. मी डॉइलला मनसोक्त शिव्या घातल्या. वळणावर मागे पाहिलं. दिवा होता.

"आहे!"

पुढच्या वळणावर तो पिवळा वाटला. "वेंडेल, बॅटरी बदल रे!" उत्तर आलं नाही. लसणासारखा उग्र वास मात्र आला. डॉइलच्या जुन्या कार्बाइडच्या दिव्याला यायचा, तसा. म्हटलं, पोरानं सकाळी काहीतरी खाल्लं असेल.

एका फटीत मी अडकले. ना पुढे, ना मागे. रडू फुटणार, तोच बुटाला खालून हाताचा टेकू मिळाला. जोर दिला आणि सुटले.

"देव तुझं भलं करो," मी म्हटलं.

वही दालनातल्या डब्यात होती. डॉइलचं तिरकं अक्षर. पानं उलटत गेले. प्रत्येक तारखेखाली तेच: 'व्हर्लीन आली नाही.' आधी हसले, मग हमसून रडले. शेवटच्या ओळीखाली लिहिलं, 'आले रे बाबा.'

पिवळा दिवा दालनाबाहेरच थांबला होता. "राहू दे," नेडीन हळूच म्हणाली. "मोठी माणसं रडली की पोरांना संकोच वाटतो."

परतीची वाट दुसरी होती. दर वळणावर मी मागे पाहिलं. दिवा होता.

बाहेर आलो, तर वेंडेल गाडीच्या मागच्या फळीवर बसून कॉफी पीत होता. कपडे केव्हाच बदललेले, कोरडे.

"पहिल्याच बोगद्यात गुडघा गेला माझा," तो म्हणाला. "परततोय, असं ओरडून सांगितलं की."

"कुणाला?" नेडीननं विचारलं.

"आवाज आला ना. घोगरा. 'जा पोरा, मी आहे तिच्या मागे.' मला वाटलं, क्लबातलंच कुणी."

नेडीननं फाटकाला हात घातला. "लावू कुलूप?"

"थांब," मी म्हटलं. "मागचा दिवा दिसू दे."

आम्ही थांबलो. आत अंधार होता.

चारला दहा कमी असताना घरी आले. कुलूप मीच उघडलं.

पाटीवरचं माझं नाव पुसलेलं होतं. त्या जागी अंगठ्याएवढा पिवळा चिखल.

"अरे, फडकं काय मेलंय?" मी हळूच म्हटलं.

पाटीवरून एक थेंब खाली ओघळला.