परक्या भाषेतलं ‘येतो’

काका गच्चीवर बसून थापा मारतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ही गोष्ट सांगताना मात्र ते आधी जिन्याचं दार लावून घेतात.

"माझ्या वर्गातला होता. वेल्डर. परदेशात गोदीत कामाला लागला. सुट्टीला बाकीचे खोलीवर पत्ते कुटत बसायचे, हा एकटाच शहर पालथं घालायचा. तिथली भाषा शिकायची होती ना. पाट्या वाचायचा, दिसेल त्याच्याशी बोलायचा."

"आणि भूत कुठल्या भाषेत बोललं?" माझ्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने विचारलं.

"तुझ्यापेक्षा स्वच्छ बोललं. ऐक."

जानेवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचे आठ. वेल्डरच्या बुटाची टाच सुटली होती, ती ठोकून घ्यायची, एवढंच काम. एका अरुंद गल्लीत बूट दुरुस्तीचं दुकान उघडं दिसलं. आत कातडी एप्रन घातलेला आडदांड माणूस. त्याने टाच ठोकली, वेल्डरचे उच्चार सुधारून दिले, चुकला की हसला. इतक्या महिन्यांत त्या शहरात पहिल्यांदाच कोणी त्याच्याशी धड बोललं होतं. निघताना वेल्डर आपलं ‘येतो’ त्यांच्या भाषेत जसंच्या तसं म्हणाला.

बूटवाल्याची हातोडी थांबली. "नक्की?"

"हो, येतो."

लहानपणी एकदा शाळेला निघताना वेल्डर ‘जातो’ म्हणाला होता, तेव्हा बापाने उंबऱ्यातच कानाखाली वाजवली होती. जातात ती मेलेली माणसं, म्हणे. वडीलधाऱ्यांचं शिकवणं हे असं. हात आधी, अर्थ नंतर, तोही अर्धाच.

"तो निघाला," काका म्हणाले. "डावीकडे वळला... समोर तेच दुकान. उलटा फिरला. तेच दुकान. मग पळत सुटला. वळला... बूटवाला दारात उभा. म्हणाला, आलास."



"मग?"

"आत ओढला. केसांना धरून. शटर खाली. हातोडी गुडघ्यावर... बोटांवर. दात पडले. मग पाय लोखंडी ठोकळ्यावर धरला. बुटासकट. खिळे तोंडात धरले होते त्याने. एकेक काढायचा..."

काकांच्या मुलीने पाय पोटाशी ओढून घेतले.

"हा ओरडतोय मराठीत. कोणाला कळणार? त्यांच्या भाषेतलं ‘सोडा’ शिकलाच नव्हता. ‘आभारी आहे’ तेवढं येत होतं. आभारी आहे, आभारी आहे... रडत तेच म्हणत राहिला. तो ठोकत राहिला."

काकांनी जिन्याच्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

"शेवटी बसथांब्यावर कानावर पडलेला एक शब्द आठवला. जातो. मी जातो."

"मग?"

"हातोडी थांबली. सकाळी गल्लीच्या तोंडाशी सापडला. गल्लीत दुकान नव्हतंच. नुसती भिंत."

"प्यायला असेल," मी म्हणालो.

"त्याचा बापही हेच म्हणाला. पोराची मोडलेली बोटं बघून."

मी तो शब्द मागे घेतला. मला त्या बापाच्या रांगेत बसायचं नव्हतं.

"खिळे ठोकले त्या पावलाला मात्र ओरखडाही नव्हता," काका हळू म्हणाले. "एक्स-रे काढला. टाचेत खिळा. डॉक्टरांनी कापून बघितलं... काही नाही. दर वर्षी काढतात एक्स-रे. पुढे पोटरीत दिसला. मग गुडघ्याच्या वर. परवा भेटला, तेव्हा नवा एक्स-रे दाखवला."

"आता कुठे आहे?"

 काकांनी आपल्याच बरगड्यांवर, डावीकडे, बोट ठेवलं.