पडला की पाडला?

"गेला! परत गेला!" वेद ओरडला.

सरकता जिना धाडकन थांबला आणि निहारिकाच्या हातातल्या चिप्स थेट तिच्या मैत्रिणीच्या, उर्वीच्या डोक्यावर! सिडनीच्या लायरबर्ड हिलवर स्टेशनपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत उघड्यावर धावणारा हा जिना म्हणजे थंडीच्या सुट्टीतलं या तिघांचं राज्य. प्रत्येक टप्प्यावर उतरायचं, एक नवी गल्ली पालथी घालायची आणि पुन्हा जिन्यावर! कालच एका काकाकुव्याने वेदचं अख्खं सँडविच पळवलं होतं. मज्जाच मज्जा! पण सध्या जिना रोज बंद पडायचा, आणि सगळे या तिघांकडेच डोळे वटारून बघायचे.

घरी बाबा तयारच होते. "उर्वी, जिना थांबवायचं ते लाल बटण तू दाबतेस?"

"नाही, बाबा! तो आपोआप बंद पडतो!"

"यतिनकाकांनी पाहिलंय तुला. उद्या परत थांबला, तर सुट्टीभर घरात बसायचं. आणि वेद त्याच्या घरी, गुंगालिनला परत!"

मावसभाऊ वेदचा चेहरा एवढासा झाला. उर्वीला वेगळंच लागलं होतं. यतिनकाका? शनिवारच्या मराठी शाळेतले तिचे सगळ्यात लाडके सर? तिचं मराठी ऐकून सगळे हसायचे, फक्त काका कधीच हसले नव्हते. "कप आपोआप फुटला, पण कुणीतरी फोडला," ते समजवायचे. "दोरा तुटला, पण कुणीतरी तोडला. गुन्हेगार क्रियापदात सापडतो, मेट!"

"त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय," उर्वी म्हणाली. "आपण त्यांनाच मदतीला घेऊ!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं निघाली. काकांचं घर माथ्यावर, मागचं फाटक जिन्याच्या वरच्या लाल बटणाच्या अगदी शेजारी. वरच्या टप्प्यावर पोचतात न पोचतात तोच मागे जिना थांबला! आणि फाटकाआडून काकांचा फोनवरचा आवाज आला, "हां, जिना बंद पाडला. आता बोल निवांत. बाकीचं पाचच्या कॉलला."

"See? बंद पडला म्हणतायत," वेद कुजबुजला. "It just stopped!"

उर्वी पांढरीफटक पडली होती. "पडला नाही, वेद. पाडला."

तिला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. चुकून नाही, गैरसमजाने नाही. काकांनी जाणूनबुजून तिचं नाव घेतलं होतं!

"पण एका कान्यावरून कोण विश्वास ठेवणार?" निहारिकाने विचारलं.

"निळ्या बोटावरून ठेवतील," उर्वी डोळे पुसत म्हणाली. "घरी चला, दिवाळीच्या रांगोळीचे रंग शोधून काढा!"

जिना पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी वरच्या लाल बटणाच्या कडेला व्हॅसलीनमध्ये कालवलेला निळा रंग फासला आणि पाचच्या आधीच स्टेशन गाठलं. ट्रेनमधून बाबा उतरले.

"तुम्ही इथे?" बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हो, आणि तुमच्यासोबतच वर येणार!"

सगळे निम्म्यावर आले आणि जिना गचकन थांबला! बाबांनी पाहिलं. तिघंही त्यांच्या शेजारी उभी, हात वर केलेले! मागे मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका चित्रलेखामावशी कठडा धरून उभ्या होत्या. "अरे देवा, पडले असते मी!"

सगळे धापा टाकत वर पोचले. फाटकात यतिनकाका. "बघ रवींद्र, तुझ्या पोरांनी परत..." बाबांच्या मागून तीन डोकी बाहेर आली, आणि काकांनी घाईघाईने हेडफोन काढला. बोट निळं! पांढऱ्या हेडफोनवरही निळा ठसा!

"मीटिंगमध्ये जिन्याची खरखर यायची," काका पुटपुटले. "आणि पोरांचं नाव पुढे केलं, तर त्यांना कोण काय बोलणार, असं वाटलं..."

"मी बोललो की!" बाबा म्हणाले. "पोरीला खोटं ठरवलं मी, तुझ्या शब्दावर! उर्वी, चुकलो गं. वेद इथेच राहील, आणि जिना तुमचाच."

"शाब्बास, पोरांनो!" चित्रलेखामावशींनी तिघांची पाठ थोपटली. "यतिन, उद्या काउन्सिलमध्ये जाऊन तूच सगळं सांगायचंस."

वेद-निहारिकाने टाळ्या दिल्या. उर्वीने हात पुढे केलाच नाही. काका तिच्यासमोर खाली वाकले.

"आपली गट्टी तुटली का गं?"

उर्वीचे डोळे भरून आले, पण आवाज ठाम होता.

"तुटली नाही, काका. तोडलीत."