दोन दशांश

पाच वाजायला पाऊण तास होता आणि दाढीवाला तिसऱ्यांदा सेलोच्या तारा लावत होता.

"काका, तुमच्या खोलीत ओल फार. तारा उतरतात."

"एकाहत्तर टक्के आहे," निरीक्षक म्हणाले. "सकाळीच लिहिलीय."

बासरीवाली मुलगी हसली. "यांना कसे आहात विचारलं तरी आकडाच सांगतील."

एकेचाळीस वर्षं निरीक्षक तळ्याकाठच्या या हवामान केंद्रात राहत होते. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला अंगणातल्या पांढऱ्या पेटीतला तापमापक वाचायचा, आकडा घोकत आत यायचं आणि वहीत उतरवायचा. त्या वह्यांवरून ही दोन तरुण पोरं संगीत रचत होती. उद्या ते शास्त्रज्ञांसमोर वाजणार होतं. त्याआधी निरीक्षकांची सही हवी होती. 'सर्व नोंदी प्रत्यक्ष वाचून घेतल्या आहेत,' असं लिहिलेला कागद दुपारपासून टेबलावर होता. त्यांनी तो दोनदा वाचून चष्म्याच्या डबीखाली सारला होता.

"सेलो म्हणजे तुमची वही," मुलीने सांगितलं. "बासरी म्हणजे वही आणि यंत्र यांच्यातला फरक. फरक नसला की मी गप्प." स्वतःच नोंद ठेवणारं ते यंत्र सहा वर्षांपूर्वी अंगणात बसवलं होतं.

दोघं वाजवू लागली. उन्हाळे आले, हिवाळे गेले. सेलो कळेल न कळेल असा वर सरकत होता. रोज स्वतःच्या हाताने लिहूनही ही चढण निरीक्षकांना वहीत कधी दिसली नव्हती. आता ती कानांना लागली.

मग शेवटची सहा वर्षं आली. दर संध्याकाळी बासरीचा एकच छोटा सूर.

मुलगी थांबली. "संध्याकाळी कोण वाचायचं? नेमके दोन दशांश जास्त. रोज."

"बायको. केंद्राची दुसरी निरीक्षक तीच. बुटकी होती. अंशांची पट्टी नळीच्या मागे असते, खालून बघितलं की आकडा वरचा दिसतो. उभं राहायला दोन विटा आणून दिल्या, तर म्हणाली, मला उंच करण्यापेक्षा तुम्हीच वाका की."

दाढीवाला खो खो हसला. निरीक्षकही हसले. पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी अकरा दिवस ती दवाखान्यात बेशुद्ध होती आणि ते खाटेजवळच्या खुर्चीवर बसून होते. केंद्राला कुलूप होतं. ती गेल्यावर घरी आले, तर वहीतले बावीस रकाने कोरे. ते कोरेपण बघवेना. याच टेबलाशी बसून त्यांनी बावीस आकडे मनाने भरले. कुणाला सांगितलं नाही.

पोरं पुन्हा वाजवू लागली आणि ते अकरा दिवस आले. सकाळी बासरी वाजली. संध्याकाळी वाजली. पुन्हा सकाळी.

बावीस सूर झाल्यावर ती थांबली आणि सेलो एकटा पुढे गेला.

"इथे आम्हीही चक्रावलो," मुलगी म्हणाली. "आधी सकाळी कधीच नव्हता हा फरक. मग अकरा दिवस दोन्ही वेळा. त्यानंतर एकदाही नाही."

निरीक्षकांनी चष्मा काढला. "ते अकरा दिवस खोटे आहेत, पोरी. मी इथे नव्हतो. मनाचे आकडे आहेत ते. या कागदावर मला सही करता येणार नाही. एकेचाळीस वर्षांची वही आहे, पण खोटी ती खोटी."

दाढीवाल्याने सेलोचा गज खाली ठेवला. मुलगी लॅपटॉपवर काहीतरी शोधत राहिली.

"मनाचे कसे असतील, काका? एका संध्याकाळी पारा एकदम सात अंशांनी उतरला होता. तुमच्या वहीतही उतरलाय. बावीसच्या बावीस जुळतात. फक्त दोन दशांश जास्त."

"यंत्राचे आकडे मी कधी बघितले नाहीत."

"बघताच आले नसते. ते मुख्य कार्यालयात कुलूपबंद असतात. आम्हालाच गेल्या महिन्यात परवानगी मिळाली, तेव्हापासून लॅपटॉपवर येतात."



पाच वाजले तसे निरीक्षक उठले. मुलगी मागोमाग गेली. पेटीखाली विटा तशाच होत्या. ते शेजारी उभे राहिले, पाऱ्याच्या रेषेत डोळा आणला.

"तेवीस पूर्णांक एक."

मुलीने टाचा उंचावून खात्री केली. "तेवीस पूर्णांक एक."

तेवीस पूर्णांक एक, तेवीस पूर्णांक एक, असं घोकत त्यांनी अंगण ओलांडलं, पायरी चढली, टेबल गाठलं. आकडा लिहिला.

"काका," मुलगी हळूच म्हणाली.

वहीत २३.३ होतं.

शाई ओली होती.

दाढीवाल्याने लॅपटॉपकडे बघितलं. "यंत्र तेवीस पूर्णांक एकच म्हणतंय."

चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा, हा नियम. निरीक्षकांनी पट्टी उचलली. आकड्याकडे बराच वेळ बघितलं आणि पट्टी परत ठेवली.

मग त्यांनी डबीखालचा कागद ओढला, तो पुन्हा एकदा वाचला आणि ठसठशीत सही केली. खाली दुसऱ्या निरीक्षकासाठी एक ओळ मोकळी होती.

"इथे काट मारू?" मुलीने विचारलं.

"नको," ते म्हणाले. "बायको तिची सही नेहमी दुसऱ्या दिवशी करायची."

आणि त्यांनी पेन टोपण न लावता कागदाशेजारी ठेवलं.